मुक्या जनावरांचा कायदा आणि खेड्यातील व्यवहार

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील आसनगाव हे शहापूर तालुक्याचे जवळचे स्थानक होय. एका बाजूस माहुलीचा किल्ला, दुसऱ्या बाजूस मुंबई–नाशिक महामार्ग आणि पूर्व-दक्षिणेस मुरबाड तालुक्याकडे जाणारे चढउताराचे रस्ते, अशी या भागाची रचना आहे. येथील मुख्य पीक भात. पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर आले असले, तरी डोंगरउतारावरच्या लहान खाचरांत चिखलणीचे काम अद्याप अनेक ठिकाणी बैल व रेडे यांच्याच बळावर होते. गवताचे भारे, लाकूडफाटा, खत व पेंढा यांची वाहतूकही काही वाड्यापाड्यांतून बैलगाडीने होते. अशा प्रदेशात जनावरांशी कसे वागावे हा धर्माचा व दयेचा विषय आहेच. तो कायद्याचा विषयही आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते त्यांतही दोन टोकाचे समज आढळतात. कोणी म्हणतो, "माझा बैल, मी काय वाटेल ते करीन." कोणी असे मानतो की, जनावर हाकणारा प्रत्येक मनुष्य गुन्हेगारच. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. कायदा नेमके काय सांगतो, तो का झाला, त्यातील शिक्षेने काय साधते व काय साधत नाही, याचा विचार या लेखात केला आहे.

कायदा कसा आला

जनावरांस क्रूरतेने वागविणे हा गुन्हा ठरविणारा पहिला महत्त्वाचा कायदा ब्रिटनमध्ये १८२२ साली झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८२४ मध्ये, लंडनला या कार्यासाठी एक संस्था निघाली. हिंदुस्थानात अशी पहिली संस्था १८६१ मध्ये कलकत्त्यास स्थापन झाली. मुंबईची संस्था १८७४ ची. तिच्या स्थापनेत सर दिनशा माणेकजी पेटिट यांचा मोठा वाटा होता, व त्यांच्या देणगीतून परळ येथे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. सर्व देशास लागू होणारा कायदा १८९० साली झाला. त्याचा रोख मुख्यतः शहरांतील रस्त्यांवर दिसणाऱ्या क्रूरतेवर होता.

स्वातंत्र्यानंतर राज्यसभेच्या सदस्या श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी जुन्या कायद्यातील उणिवा दाखवून नवे विधेयक मांडले. पंतप्रधान पंडित नेहरू यांनी शासनातर्फे व्यापक कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. या प्रयत्नांतून "प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करण्याबाबतचा अधिनियम, १९६०" अस्तित्वात आला. त्याअन्वये १९६२ मध्ये भारतीय जीवजंतु कल्याण मंडळ स्थापन झाले व श्रीमती अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत लिहिले गेले.

माल की जीव

जनावरासंबंधीचे गुन्हे आपल्या कायद्यात दोन निरनिराळ्या वाटांनी आले आहेत. पहिली वाट मालमत्तेची. १८६० च्या भारतीय दंड संहितेत जनावर मारणे किंवा पंगू करणे हा "आगळीक", म्हणजे मालाची नासधूस, या सदराखालचा गुन्हा होता. गाय, बैल, म्हैस, घोडा यांखेरीज इतर प्राण्यांच्या बाबतीत त्यांची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये, यावर शिक्षा ठरत असे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३२५ मध्ये किमतीची अट काढून टाकली असून, कोणत्याही प्राण्यास आगळिकीने मारल्यास किंवा पंगू केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, अथवा दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दुसरी वाट जिवाची. १९६० च्या अधिनियमात जनावर कोणाचे आहे हा प्रश्न गौण आहे. त्याला यातना होतात, एवढेच पुरेसे आहे. इंग्लंडमधील कायदेपंडित जेरेमी बेंथम यांनी १७८९ च्या आपल्या ग्रंथात असा विचार मांडला होता की, प्राण्यास बुद्धी किंवा वाचा आहे की नाही हे न पाहता त्यास दुःख सोसावे लागते की नाही हे पाहावे. १९६० चा अधिनियम याच विचारावर उभा आहे. त्याच्या कलम ३ नुसार ज्याच्या ताब्यात जनावर आहे, त्याने त्याच्या स्वास्थ्यासाठी वाजवी उपाय योजणे व त्यास अनावश्यक वेदना होऊ न देणे हे त्याचे कर्तव्य आहे. मालकाप्रमाणे गडी, गाडीवान, व्यापारी व हेडी यांच्यावरही ते बंधनकारक आहे.

येथे "अनावश्यक" हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. बैलास जुवास जुंपू नये, असे कायदा म्हणत नाही. नांगर ओढताना बैलास श्रम होतात. ते आवश्यक श्रम होत. परंतु खांदा फुटलेला असताना त्याच खांद्यावर जू ठेवणे, अथवा चिखलात रुतलेली गाडी निघत नाही म्हणून पराणीच्या आरेने पुठ्ठ्यातून रक्त काढणे, हे अनावश्यक होय. भार कमी करणे, दुसरी जोडी लावणे किंवा थोडी विश्रांती देणे हे मार्ग त्या वेळी उपलब्ध असतात. काम योग्य असले तरी त्याची रीत योग्य आहे काय, ही कायद्याची कसोटी आहे.

कोणती कृत्ये गुन्हा ठरतात

अधिनियमाच्या कलम ११ मध्ये क्रूरतेची निरनिराळी कृत्ये दिली आहेत. शेतकऱ्याच्या नित्य व्यवहाराशी संबंध असलेली कृत्ये अशी :

(१) जनावरास मारझोड करणे, लाथ मारणे, प्रमाणाबाहेर पळविणे, प्रमाणाबाहेर ओझे लादणे. तसेच मालकाने असे होऊ देणे.

(२) वय, रोग, जखम, लंगडेपणा किंवा खांदेसूज यांमुळे कामास अयोग्य असलेले जनावर कामास जुंपणे.

(३) अपायकारक औषध किंवा पदार्थ मुद्दाम देणे.

(४) विनाकारण वेदना होतील अशा रीतीने जनावर वाहून नेणे.

(५) गैरवाजवी वेळपर्यंत फार आखूड अथवा फार जड दाव्याने किंवा साखळीने बांधून ठेवणे.

(६) मालकाने पुरेसा चारा, पाणी किंवा निवारा न देणे.

(७) भूक व तहान यांनी जनावर तळमळेल अशा स्थितीत ते वाजवी कारणावाचून सोडून देणे.

(८) उपासमार, तहान, दाटीवाटी किंवा इजा यांमुळे वेदना भोगत असलेले जनावर विक्रीस मांडणे.

यांतील सातवे कृत्य आज विशेष महत्त्वाचे झाले आहे. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने गायीबरोबर वळू व बैल यांच्या कत्तलीसही बंदी आली. त्यामुळे काम न होणाऱ्या बैलाचे काय करावे, ही अडचण लहान शेतकऱ्यापुढे उभी राहते. ती खरी अडचण आहे व तिचा भार मुख्यतः गरिबावर पडतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि जनावर रानात किंवा महामार्गावर सोडून देणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्याने जनावराचे हाल होतात, रस्त्यावर अपघात होतात, शेजाऱ्याच्या पिकाची नासाडी होते आणि सोडणारा स्वतः कायद्याच्या कक्षेत येतो. अशा प्रसंगी जनावर गोशाळेत किंवा पांजरपोळात देण्याची सोय ग्रामपंचायत व पशुवैद्यकीय दवाखाना यांच्या सल्ल्याने करावी.

खच्चीकरण, शिंगे काढणे, वेसण घालणे व खूण म्हणून डाग देणे ही कामे विहित रीतीने केली असता क्रूरतेत मोडत नाहीत. परंतु गोऱ्ह्याचे अंड दगडावर किंवा काठीने बडविण्याची जुनी रीत विहित नव्हे. हे काम पशुवैद्यकाकडून चिमट्याने करून घ्यावे. तसेच पोटफुगी, लंगडी किंवा ताप यांवर तापल्या लोखंडाने डाग देणे हा उपचार नव्हे. त्याने मूळ रोग बरा होत नाही आणि जखमेत किडे पडण्याचे भय वाढते.

दुभत्या जनावरांबाबत कलम १२ स्वतंत्र आहे. दूध सुटावे म्हणून गायी-म्हशीच्या योनिमार्गात हवा किंवा अन्य पदार्थ घालण्याच्या "फुंका" या क्रूर रीतीस ते बंदी करते. १९८२ च्या दुरुस्तीनंतर दूध वाढविण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस अपायकारक अशी सुई टोचणे हेही त्यात येते. याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, अथवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी असून जनावर सरकारजमा होते.

ओझे, वेळ व ऊन

१९६५ साली ओढकाम करणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांविषयी केंद्र शासनाने नियम केले. त्यांत बैलाच्या शरीराचे वजन व गाडीच्या चाकांचा प्रकार यांवरून ओझ्याची मर्यादा ठरविली आहे. २०० किलोपर्यंत वजनाचा बैल लहान, २०० ते ३५० किलोंचा मध्यम आणि त्याहून अधिक वजनाचा मोठा समजतात. लहान बैलास हवेचे टायर नसलेल्या दुचाकी गाडीत ५०० किलो, टायरच्या गाडीत ७५० किलो व बॉलबेअरिंगच्या गाडीत १,००० किलो ही मर्यादा आहे. मध्यम बैलास याच क्रमाने ७००, १,०५० व १,४०० किलो, तर मोठ्या बैलास ९००, १,३५० व १,८०० किलो आहे. जोडीच्या गाडीस हा हिशेब कसा लावावा हे पशुवैद्यकीय दवाखान्यातून समजून घ्यावे. गाडीचे स्वतःचे वजनही अखेर बैलांनाच ओढावे लागते, म्हणून भार भरताना ते ध्यानात धरणे शहाणपणाचे होय.

या आकड्यांमागील तत्त्व सोपे आहे. धावेचे चाक खडबडीत रस्त्यावर अधिक विरोध करते. टायर व बेअरिंग यांनी तो विरोध कमी होतो. म्हणून त्याच बैलास टायरच्या गाडीत अधिक माल ओढता येतो. उलट, चढ लागला की ओढ एकदम वाढते. यासाठी नियमांत अशी तरतूद आहे की, वाटेत एक किलोमीटर किंवा त्याहून लांब चढ असेल आणि तो तीस मीटरांत तीन मीटरांहून अधिक असेल, तर वरील मर्यादा निम्मी धरावी. शहापूर व मुरबाड या तालुक्यांत असे चढ नवलाचे नाहीत. कोकणपट्टीतील "कोकण कपिला" जातीची जनावरे अंगाने लहान व चपळ असतात. घाटावरच्या खिलार बैलाच्या गाडीचे माप त्यांना लावणे अन्यायाचे होईल.

याच नियमांप्रमाणे गाडी ओढण्याचे किंवा ओझे वाहण्याचे काम जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक घेऊ नये. विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक घेऊ नये. तसेच तापमान ३७ अंश सेल्सियसहून अधिक असेल तेव्हा दुपारी १२ ते ३ या वेळात ते मुळीच घेऊ नये. अणकुचीदार काठी, खिळे अथवा टोके असलेले जू किंवा सरंजाम वापरण्यास मनाई आहे. ही कालमर्यादा गाडी व ओझे यांविषयी असली, तरी नांगरणी-चिखलणीच्या वेळीही कलम ३ व ११ लागू असतातच. म्हणून शेतातही तीच शिस्त पाळावी.

शेतकऱ्याचा स्वतःचा लाभही यातच आहे. खांदा सुजलेला बैल ऐन आवणीच्या दिवसांत गोठ्यात बसतो. अशा वेळी उसनी जोडी मिळत नाही, आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. पोळ्याला खांदे मळण्याची चाल आपल्याकडे आहे. तीमागील काळजी वर्षभर घेतली, जू गुळगुळीत ठेवले व खांद्यास घासणारा भाग वेळीच दुरुस्त केला, तर पुढील बराच त्रास टळतो.

बाजार व वाहतूक

मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेस भरणारी यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारास जनावरे नेताना व आणताना त्यांचे हाल होण्याचा संभव अधिक असतो. १९७८ च्या वाहतूक नियमांनुसार गुरे प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला बरोबर असावा लागतो. मालवाहू मोटारीत सहाहून अधिक मोठी गुरे भरू नयेत व वाटेत त्यांच्या चाऱ्यापाण्याची सोय असावी. २००१ च्या नियमांप्रमाणे गुरे पायी न्यावयाची असल्यास सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर चालवू नयेत. गुरांसाठी दिवसाची मर्यादा ३० किलोमीटर आहे.

खरेदी करणाऱ्याने बाजाराची पावती, पशुवैद्यकाचा दाखला व जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याची नोंद जवळ ठेवावी. तपासणी झाल्यास हे कागद जनावराचे व मालकाचे असे दोघांचेही रक्षण करतात.

शर्यतींविषयी

बैलगाडा शर्यतीचा विषय ठाणे जिल्ह्यातही जिव्हाळ्याचा आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू व बैलगाडा शर्यती यांस मनाई केली. त्या निकालात भूक-तहान, गैरसोय, वेदना व रोग, भीती व क्लेश यांपासून मुक्तता आणि आपल्या स्वभावानुसार वागण्याची मोकळीक अशा पाच गोष्टी जनावरास मिळाल्या पाहिजेत, असे प्रतिपादन करण्यात आले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये अधिनियमात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींस अंतरिम परवानगी दिली, व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

याचा अर्थ शर्यतीस मोकळे रान मिळाले, असा नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेणे व नियमांतील अटी पाळणे आवश्यक आहे. अटींचा भंग झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. काठी, टोचणी, विजेचा झटका किंवा मादक द्रव्य यांच्या जोरावर मिळविलेल्या जयात बैलाच्या गुणाचे कौतुक काहीच नसते.

शिक्षा वाढविल्याने क्रूरता थांबेल काय

१९६० च्या अधिनियमात कलम ११ च्या पहिल्या गुन्ह्यास किमान १० व कमाल ५० रुपये दंड ठेवण्यात आला. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये दंड, अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. त्या काळी पन्नास रुपये ही गड्याच्या दृष्टीने जड रक्कम होती. आज तिला काहीच मोल उरलेले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध केला, तेव्हाही हाच दंड कायम होता. त्यामुळे "शिक्षा वाढवा" ही मागणी वारंवार होते व ती समजण्यासारखी आहे. तथापि गुन्हा व शिक्षा यांचा अभ्यास करणाऱ्यांनी या बाबतीत काही विचार मांडले आहेत. ते ग्रामीण कार्यकर्त्यांनी जाणून घ्यावेत.

पहिला विचार फार जुना आहे. इटलीतील सेझारे बेक्कारिया यांनी १७६४ साली असे प्रतिपादिले की, शिक्षेच्या कडकपणापेक्षा तिची निश्चिती व तत्परता यांनी गुन्हे अधिक आवरतात. पुढील काळातील संशोधनाचा कलही बहुतांशी असाच आहे. पाच वर्षांची शिक्षा कागदावर असून कोणी विचारीत नसेल, तर तिचा धाक राहत नाही. उलट, जखमी बैल जुंपला की त्याच दिवशी कोणीतरी थांबविणार हे ठाऊक असेल, तर लहान शिक्षाही पुरते. आपल्या अधिनियमात नेमका हाच दुवा कच्चा आहे. कलम ११ मधील बहुतेक गुन्हे अदखलपात्र असल्याने न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. अंगविच्छेद करणे व क्रूर रीतीने ठार मारणे, झुंजींची जागा चालविणे आणि फुंका यांसारखे थोडेच गुन्हे दखलपात्र आहेत. शिवाय गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल करावा लागतो.

दुसरा विचार असा की, जनावराशी क्रूर वागणारा मनुष्य माणसांशीही क्रूर वागण्याचा संभव असतो. १९९९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात अशा १५३ व्यक्तींची तुलना त्यांच्या तेवढ्याच शेजाऱ्यांशी करण्यात आली. जनावरांस छळणाऱ्यांत इतर गुन्ह्यांचे प्रमाण अधिक आढळले. परंतु आधी जनावराशी क्रूरता व मग माणसावर अत्याचार, असा ठराविक क्रम मात्र दिसला नाही. २०१६ पासून तेथील केंद्रीय तपास यंत्रणा प्राण्यांवरील क्रूरतेची स्वतंत्र नोंद ठेवू लागली. यावरून घेण्यासारखा बोध मर्यादित पण उपयुक्त आहे. घरातील जनावर वारंवार राग काढून मारले जात असेल, तर त्या घरातील बायकामुलांच्या स्थितीकडेही ग्रामसेवक व अंगणवाडी कार्यकर्ती यांनी जागरूकपणे पाहावे. मात्र कुत्र्यास दगड मारणारे प्रत्येक पोर पुढे गुन्हेगार होईल, असे अनुमान काढणे शास्त्रास धरून नाही.

तिसरा विचार टीकेचा आहे. अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक जस्टिन मार्सो यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, क्रूरतेबद्दल अधिकाधिक कैद ठोठावल्याने जनावरांचे हित साधतेच असे नाही. शिक्षा बहुधा एकट्यादुकट्या गरीब माणसास होते. मोठ्या धंद्यांत नित्य चालणारे हाल मात्र कायद्याच्या अपवादात सुरक्षित राहतात. हा विचार सर्वांस मान्य नाही. गंभीर क्रूरतेस कडक शासन झालेच पाहिजे, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. परंतु आपल्या खेड्यातील परिस्थितीस तो लावून पाहण्यासारखा आहे.

समजा, चढावरून गवताचे भारे घेऊन आसनगावाकडे एक गाडी निघाली आहे. भार मर्यादेबाहेर आहे व एका बैलाचा खांदा सोलला आहे. गाडीवान रोजंदारीचा मनुष्य आहे. किती भारे भरावयाचे हे त्याने ठरविलेले नाही. खेपेमागे पैसे देणाऱ्या मालकाने ते ठरविले आहे. गाडीवानास दंड केला, तर तो त्या दिवसाची मजुरी गमावील आणि दुसऱ्या दिवशी दुसरा गाडीवान तीच गाडी हाकील. बैलाचा खांदा तसाच राहील. अधिनियमाने याचा विचार केलेला आहे. ओझे लादू देणारा मालकही कलम ११ प्रमाणे दोषी असतो. वाजवी काळजी व देखरेख न ठेवल्यानेही तो गुन्हेगार ठरतो, मात्र केवळ या कारणाने दोषी ठरलेल्यास दंडाचा पर्याय न देता थेट कैद देता येत नाही. पुन्हा क्रूरता होण्याचा संभव असल्यास दोषी मालकाकडून जनावर काढून घेण्याचा अधिकारही न्यायालयास आहे. सारांश, कायदा लावताना बैलाच्या शेजारी दिसणाऱ्या हातापाशीच न थांबता ओझे ठरविणाऱ्या हातापर्यंत जावे.

कायदा हाती घेऊ नये

संशयास्पद जनावर पकडून तपासणीसाठी नेण्याचा अधिकार अधिनियमाने शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यास अथवा राज्य शासनाने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीस दिला आहे. इतर कोणी रस्त्यात गाडी अडवून चालकास मारहाण करणे हा स्वतंत्र व गंभीर गुन्हा होय. जून २०२३ मध्ये शहापूर तालुक्यातून इगतपुरीकडे जनावरे नेणारी गाडी जमावाने अडविली. त्यानंतर गाडीतील एका तरुणाचा मृतदेह घाटातील दरीत सापडला, खुनाचा गुन्हा नोंदविण्यात आला व काही जणांना अटक झाली. जनावरांवरील दयेच्या नावाने माणसाचा जीव जावा, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही. जमावाच्या हिंसेस आळा घालण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी दिले आहेत. संशय आल्यास गाडीचा क्रमांक, वेळ व दिशा टिपून पोलिसांस कळवावे. नागरिकाचे कर्तव्य तेथे पूर्ण होते.

ग्रामसेवकांनी करावयाची कामे

ग्रामसेवकाच्या हाती शिक्षा देण्याचा अधिकार नाही. परंतु शिक्षेची वेळ येऊ न देण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी अधिक आहे. त्याने पुढील गोष्टी कराव्यात :

(१) मृगापूर्वी व सुगीनंतर गावातील ओढकाम करणाऱ्या जनावरांची पशुधन पर्यवेक्षकाकडून तपासणी करवावी. खांदा, खूर, डोळे व वेसणीची जागा पाहावी.

(२) लंगडे किंवा जखमी जनावर जुंपलेले दिसल्यास मालकास आधी समक्ष समजवावे. औषधोपचार कोठे मिळेल ते सांगावे व काही दिवसांनी पुन्हा जाऊन पाहावे.

(३) आजारी बैलामुळे ज्याचे काम अडले त्यास शेजाऱ्यांची जोडी किंवा भाड्याचे यंत्र मिळेल अशी व्यवस्था ग्रामसभेत ठरवावी. गरजेपोटी झालेली क्रूरता उपदेशाने थांबत नाही. गरज भागविल्याने थांबते.

(४) चढाच्या रस्त्यावर किती भार न्यावा हे ओझे भरून देणाऱ्या मालकांस व व्यापाऱ्यांस स्पष्टपणे कळवावे.

(५) समजावूनही क्रूरता चालू राहिल्यास दिनांक, वेळ, जागा, जनावराची खूण व साक्षीदार यांची लेखी नोंद करावी, पशुवैद्यकाचा अभिप्राय घ्यावा व पोलीस ठाण्यास अर्ज द्यावा. गुन्हा अदखलपात्र असल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते, हे तक्रारदारास सांगावे. तीन महिन्यांची मुदत विसरू नये.

(६) जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीशी संपर्क ठेवावा. अशी सोसायटी प्रत्येक जिल्ह्यात असावी, असा २००१ चा नियम आहे.

(७) शाळेत मुलांस जनावराची निगा शिकवावी. दावे किती लांब असावे, पाणी केव्हा दाखवावे, जू कसे बसवावे ही माहिती त्यांना लहानपणीच मिळाली, तर पुढे कायद्याचे कलम सांगण्याची पाळी क्वचितच येते.

शेतकऱ्यांसाठी कायद्याचे सार थोडक्यात असे की, जनावराकडून काम घ्यावे, पण ते त्याच्या ताकदीच्या बेताने घ्यावे. आजारात विसावा द्यावा, उन्हात सावली द्यावी, तहानेला पाणी द्यावे आणि म्हातारपणी त्यास वाऱ्यावर सोडू नये. बैलास आपले गाऱ्हाणे कोणापुढे मांडता येत नाही. न्यायालयात साक्षही देता येत नाही. त्याच्या वतीने त्याचा खांदा बोलतो, त्याची चाल बोलते. ती साक्ष मालकाने सर्वांआधी व रोज सकाळी जू ठेवण्यापूर्वी पाहावी. ज्या गावात मालक ती पाहतो, त्या गावात पोलिसांना व न्यायालयाला या अधिनियमाखाली फारसे काम उरणार नाही.